दोन बोटं निळा

“मान हलवू नकोस,” आई म्हणाली. “कपाळावर उतरतंय.”

मी मान हलवली नाही. मागच्या दारात पाटावर बसले होते, खांद्यावर जुना टॉवेल होता. माझ्या डाव्या भुवईच्या वरून मागं जाणारी दोन बोटं रुंदीची बट आई जुन्या टूथब्रशनं काळी करत होती. दर दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेसात ते आठ.

“आई, मला निळा करायचाय.”

“काय निळा?”

“केस. सगळे नाही. एवढीच बट.”

ब्रश थांबला. आईनं माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलं. ताप आलाय का बघावं तशी ती माझ्याकडं बघत होती.

“हे बघ मयूरी. आपल्यात मुली केस रंगवत नाहीत,” असं म्हणून तिनं ब्रश वाटीतल्या काळ्या रंगात बुडवला आणि राहिलेले केस रंगवायला घेतले.

मला हसू आलं. हसताना मान हलली आणि नाकापर्यंत काळा ओघळ आला.

“हसायला काय झालं?”

“काही नाही. तू आत्ता काय म्हणालीस ते तुझं तूच ऐक.”

“हे रंगवणं नव्हे. हे नीट करणं आहे. आणि मयूरी नाव ठेवलंय म्हणून निळं पीस फुटायलाच पाहिजे असं काही नाही.”

बाहेरच्या खोलीत बाबा पेपर वाचत होते. मी आतूनच ओरडले, “बाबा, ऐकलंत?”

“ऐकलं.”

“मग?”

“आईला विचार.”

“आईलाच विचारलं की.”

“मग झालं की,” बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, दहावीचा निकाल लागला होता आणि वीस दिवसांनी मी कोल्हापूरला हॉस्टेलवर राहायला जाणार होते.

ती बट जन्मापासून पांढरी आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी मी सहा महिन्यांची असतानाच सांगितलं होतं की हे कोड नाही, पसरणार नाही, दुखणार-खुपणार नाही, फक्त तेवढ्या जागी केसांना रंग येत नाही. आईनं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं आणि मी शाळेत जायच्या वयाची झाल्यावर बट काळी करायला सुरुवात केली. लहान मुलीच्या डोक्याला कडक रंग नको, म्हणून हळूहळू धुऊन जाणारा रंग बाबांनी शोधून आणला होता. त्यामुळं दर पंधरा दिवसांनी तो पुन्हा लावावा लागे आणि घाम आला की थोडा उतरे. सातवीत कबड्डीच्या सरावाला एक मुलगी मला म्हणाली होती, “ए, तुझं डोकं गळतंय.” मी तिला काजळ आहे म्हणून सांगितलं. काजळ कपाळावरून खाली कसं येईल, हा प्रश्न तिनं विचारला नाही. मी असते तर विचारला असता.

बट कुणाकडून आली, यावर घरात वाद नव्हता. कुणी पाहुणा चुकून बोललाच तर आई म्हणायची, “दिवट्यांच्या घरातलं आहे ते. यांच्याकडचं.” आणि बाबा म्हणायचे, “असेल.” बाबांना तिसाव्या वर्षीच पूर्ण टक्कल पडलं होतं, त्यामुळं पुरावा नष्ट झालेला होता. नववीच्या सुट्टीत मी मोबाइलवर वाचलं होतं की अशी बट बहुतेक वेळा आई किंवा वडील यांपैकी एकाकडून थेट येते. आईचे केस काळेभोर. चाळिशीतल्या सगळ्या बायकांसारखी तीही बाजारातलं काळं पाकीट लावायची, न्हाणीचं दार लावून. पण ते पिकायला लागलेत म्हणून. तेव्हा गुन्हेगार बाबाच, असं मी जाहीर केलं. बाबांनी गुन्हा कबूल केला.

हॉस्टेलच्या खोलीत चार मुली राहणार होत्या आणि मजल्यावर सगळ्यांना मिळून दोन न्हाण्या होत्या. आईनं उपाय काढला होता: दर दुसऱ्या रविवारी ती एसटीनं कोल्हापूरला येणार, रंग लोणच्याच्या बरणीत घालून. तो लावायचा कुठं, हे ठरायचं होतं. तिच्या मनात रंकाळ्याजवळच्या एका लांबच्या मावशीचं घर होतं. मावशीला काय सांगायचं, हेही ठरायचं होतं.

मला ते नको होतं, एवढंच मला नक्की माहीत होतं. दोन वर्षं पंधरा-पंधरा दिवस मोजत राहायचं आणि झोपताना उशीला डाग पडलाय का बघायचं. ते संपवायचं तर या वीस दिवसांतच, हे मी हिशोबानं ठरवलं होतं.

सोमवारी दुपारी मी डबा द्यायच्या निमित्तानं बाबांच्या कारखान्यात गेले.

इचलकरंजीत कुणालाही “दिवटे मास्तर” म्हणा, लोक प्रोसेस हाउसचा, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचा, रस्ता दाखवतात. बाहेरगावच्या लोकांना वाटतं ते शाळामास्तर आहेत. बाबा डाईंग मास्तर. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, कापडाचा इवलासा तुकडा आणून देतं आणि म्हणतं, हाच रंग पाहिजे. मग बाबा सॅम्पल काढतात. उत्तरेच्या खिडकीत पार्टीचा तुकडा आणि आपला तुकडा शेजारी ठेवतात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, म्हणून उजेड दिवसाचा आणि उत्तरेकडचा. पार्टीनं सॅम्पल पास केल्याशिवाय एक मीटर कापड रंगात जात नाही.

मी गेले तेव्हा बाबा त्या खिडकीशी उभे होते. “बाबा, मला तुमच्याशी बोलायचंय,” असं मी म्हणतेय तोवर मल्लूअण्णा आत आले. रंगाच्या मशिनवरचे सगळ्यात जुने कामगार. त्यांच्या दंडावर नेहमी कुठल्या ना कुठल्या लॉटचा रंग असायचा. त्या दिवशी शेंदरी होता.

“मास्तर, त्यो क्रीम कापडाचा लॉट डागाळलाय. दोनदा धुतला. निघंना.”

“किती?”

“सगळीकडं नाय. मधी मधी. पर दिसतंय.”

बाबांनी मान वरसुद्धा केली नाही. “काळा करा.”

“सगळा?”

“सगळा. काळ्यात झाकतं.”

मल्लूअण्णा गेले. मी डबा टेबलावर ठेवला. मी पुढं जे विचारलं ते बाबांना टोचायला विचारलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“बाबा, म्हणजे बिघडलेला लॉट काळा करायचा, असा नियम आहे?”

“नियम नाही. पद्धत आहे. टाकून देण्यापेक्षा बरं.”

“आणि मग माझी बट?”

बाबांनी हातातले दोन्ही तुकडे खाली ठेवले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. कुठल्या शब्दावरून आपण कुठं येऊन पोचलो, हे ते मनात तपासत होते, असं मला वाटलं.

“तुला निळाच का पाहिजे?” त्यांनी विचारलं.

“काळा म्हणजे इथं काही नाही, असं सांगणं. निळा म्हणजे आहे, बघायचं तर बघा.”

“आणि पांढराच ठेवला तर?”

“तेवढं धाडस नाही अजून.”

हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. बाबा हसले नाहीत.

“बरं. पार्टी कोण?”

“काय?”

“रंगवायचं म्हटलं की पार्टी लागते. सॅम्पल पास कोण करणार? तू का तुझी आई?”

“केस माझे आहेत.”

“केस तुझे. लोकांना उत्तरं तुझी आई देते. म्हणजे पार्ट्या दोन. दोघींची सही लागेल.”

“आणि तुम्ही?”

“मी मास्तर. मास्तरला मत नसतं.” ते डब्याचं झाकण काढत म्हणाले, “हे बघ, इथला रंग अंगाला लावायचा नाही. तो कापडाचा, त्यात काय काय असतं ते मला ठाऊक आहे. केसांचाच रंग आण. आधी सॅम्पल काढ, डोक्यावर नाही, सुट्या पांढऱ्या केसांवर. ट्यूबखाली मला दाखवायला आणू नकोस. आणि आईला आत्ताच काही सांगू नकोस. मी सांगतो.”

ते सांगणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

सुटे पांढरे केस कुठं मिळतात? आमच्या गल्लीच्या तोंडाला टिपुगडेकाकांचं सलून होतं. मी सरळ गेले.

“काका, पांढरे केस मिळतील?”

टिपुगडेकाका एका म्हाताऱ्यांच्या मानेवर वस्तरा फिरवत होते. “काय पायजे?”

“पांढरे केस. मूठभर. कुणाचेही चालतील, फक्त मेंदी लावलेले नकोत.”

वस्तरा थांबला. खुर्चीतल्या म्हाताऱ्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

“कशाला गं?”

खरं सांगायचं नव्हतं आणि खोटं मला पटकन सुचत नाही. “बाबांनी सांगितलंय,” मी म्हटलं.

“मास्तरांनी?” काकांचा आवाज एकदम खाली आला. “कुणाचं बी चालंल म्हणालं?”

“हो. पण वेगवेगळ्या माणसांचे असले तर बरं.” माझ्या मनात नमुन्यांची विविधता होती.

काकांनी कोपऱ्यातले केस कागदात गुंडाळून दिले. देताना ते हातात दिले नाहीत, बाकावर ठेवले आणि मी उचलेपर्यंत दोन पावलं मागं सरून उभे राहिले.

संध्याकाळी बाबा घरात पाऊल टाकतायत तोच आई म्हणाली, “टिपुगड्याचा फोन आला होता.”

“कशाला?”

“मास्तर करणी करायला लागलेत का, म्हणून विचारत होता. तीन गिऱ्हाइकं केस परत मागायला आलीत म्हणे. ते रिटायर झालेले तलाठी तर दुकानात बसूनच आहेत. माझे मला मोजून द्या म्हणतायत.”

बाबा चप्पल काढता काढता तसेच वाकून राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

“हसताय काय! गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही. कशाला पाहिजेत पांढरे केस?”

मग सांगावंच लागलं. आई माझ्याकडं आणि बाबांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

“म्हणजे तुम्ही हो म्हणालात?”

“मी सॅम्पल काढ म्हणालो. सॅम्पल म्हणजे हो नव्हे.”

“मला शिकवू नका तुमची भाषा.”

“तू पार्टी आहेस,” बाबा शांतपणे म्हणाले. “तू पास केलं नाहीस तर लॉट रद्द.”

आईला हे अपेक्षित नव्हतं. भांडायला आलेल्या माणसाला एकदम खुर्ची दिल्यावर होतं तसं तिचं झालं. “बघू,” ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली. कणीक त्या दिवशी फार चांगली मळली गेली.

निळा रंग मी कोल्हापूरला पार्लरच्या सामानाच्या दुकानातून आणला, कॉलेजात फॉर्म भरायला गेले त्याच दिवशी. थोडा कानामागं लावून दोन दिवस थांबले. खाज नाही, लाली नाही. मग तलाठ्यांचे आणि इतरांचे केस धुऊन वाळवले, चार जुड्या केल्या आणि दहा, वीस, तीस, चाळीस मिनिटं रंगात ठेवल्या. वेळ, तापमान, सगळं वहीत लिहिलं.

चारही जुड्या हिरव्या झाल्या.

बाबांनी त्या दारात नेऊन उजेडात धरल्या. “शेवाळ,” ते म्हणाले.

“रंग खराब आहे?”

“रंग चांगला आहे. ग्राउंड, म्हणजे खालचा मूळ केस, पिवळं आहे. तेल, तंबाखू, ऊन, म्हातारपण. पिवळ्यावर निळा घातला की काय होतं?”

“हिरवा.” हे मला पहिलीपासून माहीत होतं आणि तरी सुचलं नव्हतं, याचा मला फार राग आला.

“ज्याच्यावर रंगवायचंय त्याच्यावरच सॅम्पल काढायचं. तुझं ग्राउंड बघ की. शुभ्र आहे. असं ग्राउंड मिळावं म्हणून आम्ही कापड तासन् तास उकळतो.”

माझ्या बटेबद्दल घरात कुणी पहिल्यांदाच चांगलं बोललं होतं. आई आतून म्हणाली, “चढवून ठेवा तिला.”

बटेच्या आतल्या बाजूचे थोडे केस मी शांपूनं अकरा वेळा धुतले. अकराव्यांदा फेस पांढरा आला. बाबांनी त्यातली चिमूटभर जुडी कापून दिली. ती पंचवीस मिनिटं रंगात ठेवली, धुतली, वाळवली, पांढऱ्या कार्डावर चिकटवली. खाली मी तारीख, वेळ आणि “ग्राउंड: स्वतःचं” असं लिहिलं.

रविवारी अकरा वाजता आम्ही तिघं गच्चीवर गेलो. आईनं यायच्या आधी तीनदा सांगितलं की ती फक्त पापड उलटायला येतेय.

बाबांनी कार्ड माझ्या केसांजवळ धरलं आणि मला उत्तरेकडं तोंड करून उभं केलं. “बघ,” ते आईला म्हणाले.

आईनं पापड उलटले. एक राहिला होता तोही उलटला. मग पदराला हात पुसत आली आणि बघितलं. बराच वेळ बघितलं.

“छान आहे,” ती म्हणाली, आणि लगेच, “शेड छान आहे म्हणतेय मी. परवानगी दिलेली नाही.”

“मग अडचण काय आहे ते तरी सांग,” मी म्हटलं.

“अडचण? उद्या कुणीतरी विचारेल, निळ्याखाली काय आहे.”

“पांढरे आहेत, म्हणून सांगेन.”

“मग विचारतील, कशानं?”

“जन्मापासून.”

“मग विचारतील, कुणाकडून आलं? मुलीला एकदा हे विचारायला लागले ना मयूरी, की थांबत नाहीत. तुला अजून ठाऊक नाही.”

“त्यात काय? बाबांकडून आलं म्हणून सांगेन.”

“सांग की,” बाबा म्हणाले. “माझं नाव आहेच.”

“त्यांचं नाव घ्यायचं नाही,” आई एकदम म्हणाली.

“का? तूच तर सगळ्यांना सांगतेस.”

आई पाण्याच्या टाकीच्या पायरीवर बसली. तिनं पदर डोक्यावरून घेतला, परत काढला. मला वाटलं ती रडणार. रडली नाही. गच्चीच्या फरशीकडं बघत म्हणाली, “त्यांच्याकडचं नाही ते.”

मला कळायला दोन-तीन सेकंद लागले. मोबाइलवर वाचलेलं ते वाक्य आठवलं: आई किंवा वडील. मी ‘किंवा’ सोडून दिला होता.

आईनं बाबांकडं बघायचं टाळलं. “तुम्हाला सांगायचं होतं. लग्नाआधीच सांगायचं होतं, पण माझे काका म्हणाले, लग्न होऊ दे, मग सांग. मग झालं. मग ही झाली, आणि हिच्या डोक्यावर ते दिसलं, तेव्हा तुमच्या आई म्हणाल्या, आमच्यात नाही हो असलं कुणाला. मी घाबरले. मी म्हटलं, असेल, यांच्याकडं लांबचं कुणीतरी...”

“माहितीये,” बाबा म्हणाले.

“काय माहितीये?”

“तुझ्याकडचं आहे ते.”

आईनं मान वर केली. “कधीपासून?”

“तुला बघायला आलो तेव्हापासून.”

पापडांवर कावळा उतरला. कुणीही त्याला हाकललं नाही.

“रबकवीला तुमच्या घराचं दार उत्तरेला,” बाबा म्हणाले. “सकाळचे अकरा असतील. तू उप्पीट द्यायला वाकलीस. उजव्या बाजूला, दोन बोटं. बाकीचे केस काळे, तेवढे तांबूस काळे. ट्यूबखाली दिसलं नसतं.”

“आणि तरी तुम्ही हो म्हणालात?”

“उप्पीट चांगलं होतं.”

“थट्टा करू नका!”

“थट्टा नाही. मी विचार करत होतो की हे मॅचिंग केलं कुणी. तेव्हा रबकवीत पार्लर नव्हतं. म्हटलं, हिनं स्वतःच केलं असेल तर हात फार चांगला आहे.”

“आणि सोळा वर्षं मी दिवट्यांचं, दिवट्यांचं करत होते तेव्हा?”

“टकलावर काय, काहीही खपतं.”

मी हसले. मला वाटतं हसायला नको होतं, पण ते थांबवता आलं नाही. आई हसली नाही. ती उठून उभी राहिली आणि तिचा आवाज चढत गेला.

“एकोणीस वर्षं! न्हाणीत कोंडून, कडी लावून! ताप असला तरी! तुमच्या बहिणीच्या लग्नात चार दिवस डोक्यावरून पाणी नाही घेतलं मी! आणि तुम्ही बाहेर बसून पेपर वाचत होतात?”

“दार तू लावत होतीस,” बाबा म्हणाले. “म्हटलं, उघडायचं तर तिनं उघडावं.”

“वाजवायचं होतं की!”

बाबांनी कार्ड खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. “हो,” ते शेवटी म्हणाले. “वाजवायला पाहिजे होतं. चुकलं माझं.”

आई खाली निघून गेली. कावळ्यानं दोन पापड नेले.

पुढचे दोन दिवस घरातलं सगळं बोलणं माझ्यामार्फत झालं. “मयूरी, तुझ्या बाबांना सांग, ताट वाढलंय.” “मयूरी, तुझ्या आईला विचार, मीठ कुठं आहे.” मीठ त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. दोघांमधल्या निरोपांची संख्या मी वहीत मांडून ठेवली होती. पहिल्या दिवशी एकतीस, दुसऱ्या दिवशी एकोणीस. कल उताराचा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजच्या दारावर ते कार्ड चिकटवलेलं दिसलं. तळाशी “पास” असं मराठीत लिहिलं होतं आणि शेजारी आईची सही. आईची शाळा कानडी, सही ती अजून कानडीतच करते. त्याच्या शेजारी माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

रंग आईनंच लावला. मी म्हटलं, मला येतं, तर म्हणाली, “तुझा हात कच्चा आहे. मान हलवू नकोस.”

ती स्वतःची बट आजही काळीच करते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “माझे केस, माझी मर्जी. तू नाही का करत?” पण आता ती कडी लावत नाही, आणि पाकीट बाबा आणतात, स्वतः उजेडात बघून. पूर्वीचं तांबूस मारायचं, असं त्यांचं मत आहे. मास्तरला मत नसतं, हे ते विसरलेत.

हॉस्टेलवर मी शनिवारी पोचले. खोलीतल्या तिघींनी विचारलं, कुठल्या पार्लरमध्ये केलंस. सोमवारी सकाळी वॉर्डन चौगुलेबाईंनी ऑफिसात बोलावलं. त्यांच्यापुढं हॉस्टेलच्या नियमांचा कागद होता आणि नवव्या कलमाखाली लाल रेघ होती.

“घरच्यांना माहिती आहे का हे?”

“आहे.”

“सगळ्या असंच म्हणतात. आईचा नंबर दे.”

त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. घंटी वाजत होती तेवढ्या वेळात मी आईची संभाव्य उत्तरं मनात मांडत होते. “अगंबाई, मला काहीच माहिती नाही.” किंवा, “वयच तसं आहे हो, फॅशन, आज धुऊन टाकेल.” किंवा, “तिच्या बाबांनी लाडावून ठेवलंय.” तिन्ही सारखीच शक्य वाटत होती.

“हॅलो?”

“मी हॉस्टेलची वॉर्डन बोलतेय. तुमच्या मुलीनं केस निळे केलेत. तुम्हाला कल्पना आहे?”

“कल्पना कसली? मीच लावलाय.” मग काळजीनं, “का, शेड उतरली का?”

चौगुलेबाईंनी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. “शेडचा प्रश्न नाही हो. मुलींनी केस रंगवलेले आम्हाला चालत नाहीत. नियम आहे.”

“मग धुऊन टाकेल ती. खाली पांढरे आहेत. निळे चालत नसतील तर पांढरे ठेवेल. काळे करणार नाही.”

“पांढरे?” चौगुलेबाईंचा आवाज खाली आला. त्यांनी स्पीकर बंद करायला बोट नेलं, पण बटण सापडलं नाही. “म्हणजे काही... आजार वगैरे? नाही, मला नोंद ठेवावी लागते. घराण्यात कुणाला आहे का असं?”

पलीकडं मागून बाबांचा आवाज ऐकू आला, “कोण आहे गं?”

“वॉर्डन आहेत. तुम्ही मध्ये बोलू नका,” आई त्यांना म्हणाली, आणि परत फोनमध्ये, एकेक शब्द सुटा करत, “आजार नाही. मला आहे, माझ्या आईला होतं. आणि नोंद करताय तर नीट करा बाई. वडलांकडचं लिहू नका. माझ्याकडचं आहे ते.”